पापण्यांची शस्त्रक्रिया : तारीख धरण्यापासून काजळाच्या नव्या डबीपर्यंत

गोव्यातल्या आमच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दहा दिवस आधी मी वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. कागदावर हिशेब चोख होता. सातव्या दिवशी टाके निघणार, दहाव्या दिवशी मी देवापुढे उभी. टाके निघालेही. पण नवव्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-नारळ टांगतात त्या चौकटीचं, सामान आलं, घरात जो तो आपल्या गडबडीत, आणि नारळांची पाटी मी वाकून उचलली. संध्याकाळपर्यंत डावी पापणी पुन्हा सुजली आणि टाक्याच्या रेषेवर रक्ताचा बारीक ठिपका आला. फोनवर डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पाटी किती किलोची होती?"

पापणी पुढे नीट भरली. पण त्या दिवसापासून कोणी विचारलं की मी आधी शस्त्रक्रियेबद्दल सांगत नाही, तारखेबद्दल सांगते. एक-दीड तासाचं काम डॉक्टरांचं असतं. त्यानंतरचे पंधरा दिवस आपण, आपलं घर, आपला उकाडा आणि आपले पाहुणे यांच्यात काढायचे असतात.

खाली नेमकं काय आलंय ते आधी बघा

आरशासमोर बसा आणि भुवई बोटाने हलकेच वर धरा. पापणीवरची घडी तेवढ्याने नाहीशी होत असेल, तर दोष पापणीपेक्षा भुवईचा आहे. पापणीची कातडी कितीही काढली तरी चेहरा हवा तसा दिसणार नाही. दुसरं, पापणीची कड बाहुलीपर्यंत, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्यापर्यंत, खाली येतेय का ते पाहा. तसं असेल तर कातडी सैल झालेली नसून पापणी उचलणारा स्नायू ढिला पडलेला असू शकतो. त्याला टोसिस म्हणतात आणि त्याची शस्त्रक्रिया वेगळी. मी केली ती ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे जादा कातडी काढणं, आणि गरज असेल तर त्याखालची चरबी काढणं किंवा सरकवणं. काळी वर्तुळं, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या रेषा यांना ती फारसं काही करत नाही. ज्यांना फक्त वर्तुळांचा त्रास आहे त्यांनी हा खर्च करू नये, असं माझं सरळ मत आहे.

डोळे फक्त सकाळी फुगत असतील तर आधी थायरॉईड, किडनी आणि जेवणातलं मीठ तपासून घ्या. पावसाळ्यात रोज ताटात सुकं खारं मासळं असलं की पापण्या बोलतातच.

जुना फोटोही शोधून ठेवा, वीसेक वर्षांपूर्वीचा, समोरून काढलेला. मी लग्नाचा अल्बम घेऊन गेले होते. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "तुमची उजवी पापणी तेव्हाही डावीपेक्षा खालीच होती." इतकी वर्षं मला ते ठाऊकच नव्हतं. असा फोटो असला की शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळे तंतोतंत सारखे का नाहीत, हा वाद टळतो.

डॉक्टर निवडताना

हे काम ऑक्युलोप्लास्टिक सर्जन करतात. ते आधी डोळ्यांचे डॉक्टर होतात आणि मग पापण्या, अश्रुनलिका, डोळ्याची खोबण यांचं काम शिकतात. प्लास्टिक सर्जनही करतात. ब्युटी पार्लरमध्ये किंवा 'क्लिनिक' अशी पाटी लावलेल्या सलूनमध्ये कोणी सुई-चाकू काढला तर उठून यावं.

मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी पाच मिनिटांत तारीख दिली. डोळे कोरडे पडतात का, हे विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. ही शर्मर चाचणी. पट्टी दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणाची शंका घेतात. पापणी छोटी केली की काही दिवस डोळा पूर्ण मिटत नाही, त्यामुळे मुळात कोरडा असलेला डोळा जास्त बिघडतो. म्हणून ही चाचणी चुकवायची नाही. चष्म्याचा नंबर घालवायला लेझर केलं असेल, काचबिंदू असेल, थायरॉईडमुळे डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर न विचारता सांगा.

पैशांचंही त्याच वेळी बोला. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यात बहुधा बसत नाही. कातडी इतकी खाली आली असेल की वरची, बाजूची नजर अडते, तर नजरेच्या क्षेत्राची चाचणी करून अहवाल घ्या आणि विमा कंपनीला आधीच लेखी विचारा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, म्हणून अंदाजपत्रक कर धरूनच मागा.

तारीख

आपल्याकडे मे महिन्यात घाम डोळ्यांत उतरतो, आणि ताज्या टाक्यांवर खारट घाम म्हणजे दिवसभराची चुरचुर. पावसाळ्यात हवा ओली, लाईट जाते, उशीचा अभ्रा दोन दिवस वाळत नाही, शिवाय डोळे येण्याची साथ याच दिवसांत फिरते. घरात कोणाचे डोळे आले असतील तर तारीख सरळ पुढे ढकला. चवथीला माझं काय झालं ते सांगितलंच. शिगम्यात गुलाल चुकवणं अशक्य. त्यात घरच्या देवाची जत्रा, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं.

मला विचाराल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. सकाळी गारवा असतो, घाम कमी, पाहुणेही कमी. पुढचे तीन आठवडे घरात कोणतंही कार्य नाही, हे कॅलेंडरवर बोट ठेवून बघा. मुंबई-पुण्याचे नातेवाईक "गोव्यात सुट्टी आणि पापण्या एकदमच उरकू" म्हणतात, त्यांना नाही म्हणा. या शस्त्रक्रियेनंतर समुद्र, पूल आणि ऊन तिन्ही बंद. मग सुट्टीत करणार काय?

आधीचे दोन आठवडे

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सुल, लसणाच्या किंवा जिन्कोच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टर त्या बहुधा आठवडा-दोन आठवडे आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट असेल, पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ते ठरवायचं. आयुर्वेदिक काढे, पुड्या, 'ताकदीच्या' गोळ्या यांचीही यादी द्या. आपण त्यांना औषध मानत नाही, तिथेच चूक होते. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच असते, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी ती कशी घ्यायची ते विचारून ठेवा.

सिगारेट निदान दोन ते चार आठवडे आधी सोडा आणि नंतरही तेवढेच दिवस लांब राहा, नाहीतर जखम उशिरा भरते. फेणीलाही सुट्टी.

घराची तयारी एका दुपारी होते. दोन जास्तीच्या उश्या, धुऊन इस्त्री केलेले अभ्रे आणि मऊ सुती हातरुमाल, फ्रीजरमध्ये मटारची दोन पाकिटं, पुढून बटणांचे कपडे, मोठा काळा चष्मा. नारळ आधीच खवून डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवा, कारण पुढचे दोन आठवडे विळीवर वाकायचं नाही. आणि सोबतीला कोण राहणार ते नक्की करा. माझी जाऊ राहिली. मुलगा राहिला असता तर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला असता.

त्या दिवशी

किती तास उपाशी राहायचं ते भुलतज्ज्ञ सांगतात. साधारणपणे घन पदार्थ सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद. चेहरा साबणाने धुवा, क्रीम-काजळ काही नको. लेन्स घरीच ठेवा, चष्मा न्या. दागिने काढा.

जांभळ्या पेनाने खुणा करतात त्या तुम्हाला बसवून, कारण आडवं झाल्यावर सैल कातडी मागे सरकते. भुवईपासून पापण्यांच्या केसांपर्यंत साधारण वीस मिलिमीटर कातडी शिल्लक राहील असं बघतात, म्हणजे डोळा मिटतो. "अजून थोडी काढा ना" असा आग्रह धरू नका. जादा काढलेली कातडी परत जोडणं फार कठीण. वरच्या पापण्यांना बहुधा जागीच बधिर करतात. सुई टोचते, मग नुसतं ओढल्यासारखं वाटतं. मध्येच "डोळे उघडा, मिटा" सांगतात. रक्तवाहिनी जाळताना थोडा करपट वास येतो, घाबरू नका. खालच्या पापणीतली पिशवी काढायची असेल तर बऱ्याचदा पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेतात, त्याचा व्रण बाहेर दिसत नाही.

परत स्कूटरवर यायचं नाही, मागे बसूनसुद्धा. वाळपई किंवा काणकोणसारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्यांनी पहिली रात्र पणजी-मडगावच्या जवळपास काढावी. का, ते पुढे येतंच.

पहिले तीन दिवस

मुख्य काम शेक, पण थंड. मटारचं पाकीट स्वच्छ रुमालात गुंडाळून मिटल्या पापण्यांवर नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही, बर्फ थेट लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं, जागे असू तोवर दर तासाला, पहिले ४८ तास. मटार चांगले कारण ते डोळ्याच्या खोबणीत नीट बसतात. तेच मटार मग भाजीत घालू नका, आमच्याकडे हे सांगावं लागलं. झोपताना डोकं दोन-तीन उश्यांवर, पाठीवरच. आमच्या जाऊबाईंनी दोन्ही कुशींना लोड लावून मला अडकवून ठेवलं होतं.

मलम लावलं की धूसर दिसतं, त्याची भीती नको. ड्रॉप्स कधी कुठले, याचा कागद भिंतीवर चिकटवा आणि हात धुतल्याशिवाय बाटलीला शिवू नका. दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं. निळेपणा आणि सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्या सकाळी आरशात बघून मला रडू येणार होतं, पण रडल्याने सूज वाढते म्हणून आवरलं.

विहिरीचं पाणी, गुलाबपाणी, तुळशीचा रस, तुपातलं काजळ, हळद यातलं काहीही पापण्यांवर नको. शेजारीण प्रेमाने आणते, घ्या आणि देवासमोर ठेवा. डोकं धुताना पाणी कपाळावरून खाली येणार नाही असं मागे झुकून धुवा. शौचाला जोर लागू नये म्हणून पाणी, पपई, भाजी भरपूर. लोणचं, पापड, खारं मासळं बंद.

आता पहिल्या रात्रीबद्दल. डोळ्यामागे रक्त साचण्याचा प्रकार क्वचित होतो. पण झाला तर बहुतेक पहिल्या चोवीस तासांत, आणि नजर काही तासांत जाऊ शकते. एका डोळ्यात अचानक आणि वाढत जाणारं दुखणं, डोळा बाहेर ढकलल्यासारखा घट्ट होणं, नजर कमी होणं किंवा दोन-दोन दिसणं, न थांबणारं रक्त, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. सर्जनना फोन, आणि ते भेटले नाहीत तर १०८ची रुग्णवाहिका बोलावून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. डोळ्यांवर पट्टी बहुधा बांधत नाहीत ती यासाठीच. रात्री दोन-तीनदा प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं कॅलेंडरवरची तारीख वाचून बघा. पुढच्या दिवसांत ताप, पू, वाढती लाली दिसली तर तेही लगेच कळवा.

टाके निघाल्यावर

टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. मुंगी चावावी एवढंच लागतं. खरी परीक्षा त्यानंतर, कारण आपण बरे दिसायला लागतो आणि घरचे कामं सांगायला लागतात. वाकणं, वजन उचलणं, व्यायाम दोन-तीन आठवडे नाही. लेन्स साधारण दोन आठवडे नाहीत. समुद्र आणि पूल निदान महिनाभर नाही, आणि तेही डॉक्टरांना विचारून. हेल्मेट घालताना-काढताना कडा पापणीवर घासते, म्हणून स्कूटर थोडी उशिराच सुरू करा. निळेपणा दहा ते चौदा दिवसांत जातो. तोवर दारात कोणीतरी "दोळ्यांक कितें जालें गो?" विचारणारच. मी "ऑपरेशन" म्हणून मोकळी झाले. मोतीबिंदू सांगितला असता तर डोळा कुठल्या डॉक्टरकडे केला, लेन्स कितीची बसवली, हे सगळं सांगत बसावं लागलं असतं.

व्रणाची रेषा काही महिने गुलाबी राहते. जखम भरल्यावर सनस्क्रीन आणि काळा चष्मा नियमाने, आपलं ऊन हिवाळ्यातही सोडत नाही. मालिश करायचं का, कधी, ते डॉक्टर सांगतील तेव्हाच. निकाल तीन महिन्यांच्या आत ठरवू नका, एक पापणी दुसरीपेक्षा आधी उतरते.

डोळ्यांचा मेकअप दोन आठवड्यांनंतर, परवानगी मिळाल्यावर. पण जुनी काजळाची डबी आणि मस्करा फेकून द्या, कितीही महागाचा असला तरी. मी डबी ठेवली होती, जाऊबाईंनीच उचलून कचऱ्यात टाकली.