‘रेसिडेंट आहात का?’: यू.के.त नव्यानं आलेल्या सांगलीकरांसाठी

दर सप्टेंबरला आणि जानेवारीला सांगली-मिरजेकडची नवी पोरं इकडं उतरतात. भाड्याची खोली, बसचं कार्ड, मसाल्याचं दुकान हे पहिल्या आठवड्यात जमून जातं, त्यासाठी माझी गरज नाही. गाडी अडते ती फॉर्मवर. ‘रेसिडेंट आहात का?’ एवढा एका ओळीचा प्रश्न, पुढं हो-नाहीचे दोन चौकोन, आणि मग रात्री अकराला फोन येतो, ‘दादा, काय लिहू?’

मी उलट विचारतो, विचारतंय कोण? बँक, प्राप्तिकर खातं, दवाखाना, युनिव्हर्सिटी, मतदार यादी, प्रत्येकाचा रेसिडेंट वेगळा. एकाच माणसानं एकाच दिवशी इथं ‘हो’ आणि तिथं ‘नाही’ लिहिलं तरी दोन्ही खरं असू शकतं. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेल्यांच्या डोक्यात तर आणखीनच एक अर्थ असतो, दवाखान्यात काम करत शिकणारा डॉक्टर. इंग्लंडमध्येही सप्टेंबर २०२४ पासून ‘ज्युनिअर डॉक्टर’ जाऊन ‘रेसिडेंट डॉक्टर’ आले आहेत. त्याचा तुमच्या व्हिसाशी किंवा कराशी काडीचा संबंध नाही.

आधी डोमिसाइल, कारण हा शब्द आपण गावाकडून सोबत घेऊन येतो. आपल्याकडं डोमिसाइल म्हणजे कागद. बारावीनंतर अ‍ॅडमिशनच्या धांदलीत सेतू केंद्रात रांग लावून, शाळा सोडल्याचा दाखला नि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडून काढलेलं ते ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. इंग्लंडच्या कायद्यातलं डोमिसाइल कुठल्याही कचेरीत काढून मिळत नाही. ते जन्माबरोबर, बहुधा वडिलांकडून येतं. दुसऱ्या मुलखात कायमचंच राहायचं असं मनाशी ठरवून तिथं राहिल्याशिवाय ते बदलत नाही. आणि ते नवं ठिकाण सोडून तिसरं कुठलं धरलं नाही, तर मूळचं परत येऊन चिकटतं. विट्याच्या पोरांना हे न सांगता कळतं. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरलेत. त्यांना ‘राहायला कुठं?’ विचारलं तर कोइमतूर म्हणतील, ‘गाव कुठलं?’ विचारलं तर विटाच. पहिलं उत्तर रेसिडन्सचं, दुसरं डोमिसाइलचं.

इथल्या करात या डोमिसाइलला पूर्वी मोठा मान होता. ६ एप्रिल २०२५ पासून तो गेला. आता सगळं तुम्ही इथं किती वर्षं रेसिडेंट आहात यावर चालतं. इंटरनेटवर ‘नॉन-डॉम’वाले, म्हणजे बाहेरचं डोमिसाइल असलेल्यांच्या जुन्या सवलतीचे, लेख अजून ढिगानं सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. नवीन नियम आपल्या लोकांना तसा बरा आहे. सलग १० वर्षं यू.के.चे कर-रेसिडेंट नसलेला माणूस इथं आला, की पहिली ४ वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर सवलत मागू शकतो. मागू शकतो, आपोआप मिळत नाही. आणि मागितली की त्या वर्षीची १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा हातची जाते. तेव्हा सांगलीतल्या बँकेत दोन-चार लाखांची एफडी असेल, तर तिच्या व्याजासाठी ही सवलत घेणं बहुतेकांना आतबट्ट्याचं ठरेल. तिकडं दुकानगाळ्यांचं भाडं येत असेल तर मात्र आकडेमोड करून बघा. सवलत मागितली नाही तर पहिल्यापासूनच, आणि मागितली तरी चार वर्षांनंतर, गावाकडचं व्याज आणि भाडं इथल्या हिशेबात धरलं जातं, हेही आत्ताच लक्षात ठेवा.

आता भारताच्या बाजूचं. एनआरआय हा शब्द आपण एकच समजतो, पण त्याचे दोन कायदे आहेत आणि त्यांचं घड्याळ एका वेळेला लागत नाही. एक प्राप्तिकराचा, दुसरा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा.

समजा, तुम्ही १० जानेवारीला नोकरीसाठी मुंबईहून विमानात बसलात. फेमाच्या हिशेबानं तुम्ही तिथून पुढं एनआरआय, कारण तिथं प्रश्न हेतूचा आहे: नोकरीला किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडला का? शिकायला आलेल्या पोरांनाही रिझर्व्ह बँक एनआरआयच धरते. प्राप्तिकर खातं मात्र दिवस मोजतं. १ एप्रिलपासून १० जानेवारीपर्यंतचे तुमचे १८२ दिवस केव्हाच उलटून गेलेत, म्हणून त्या आर्थिक वर्षापुरते तुम्ही भारताचे रेसिडेंटच. मग फेब्रुवारी-मार्चचा इथला पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. दोन देशांतल्या करारामुळं एकाच उत्पन्नावर दोनदा भुर्दंड पडू नये अशी सोय आहे, पण ती दाखवणाऱ्याला. सप्टेंबरच्या सुरुवातीला नोकरीसाठी निघालेल्याचे १८२ दिवस भरत नाहीत, त्याला हा ताप नाही. इथलं करवर्ष आणखी निराळं, ६ एप्रिलला सुरू होतं. आणि १८३ दिवस भरले तरच तुम्ही यू.के.चे रेसिडेंट, असंही नाही. त्याहून कमी दिवसांतही, घर आणि पूर्णवेळ नोकरी इथं असेल तर, तुम्ही रेसिडेंट ठरू शकता.

बँकेचं काम यातून येतं. गावाकडचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. एनआरओ म्हणजे भारतातल्या कमाईचं खातं: भाडं, व्याज, द्राक्षाचे पैसे. त्यातल्या व्याजावर ३० टक्क्यांच्या दरानं आणि वर सेस लावून टीडीएस कापला जातो. इथून पाठवलेल्या पगारासाठी एनआरई. त्याचं व्याज भारतात करमुक्त आणि पैसा परत आणायला आडकाठी नाही. विश्रामबागेतल्या एका शाखेत सुट्टीत एका मित्राबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी व्हिसाचा ईमेल वाचला आणि म्हणाल्या, ‘पण आधार तर सांगलीचंच आहे की, मग एनआरआय कसे?’ बाई चुकीच्या हेतूनं बोलत नव्हत्या. आधारवरचा पत्ता, फॉर्मवरचा ‘कायमचा पत्ता’ आणि कराचा देश या तीन वेगळ्या रकान्यांच्या गोष्टी आहेत. कायमचा पत्ता खुशाल सांगलीचा लिहा. ‘टॅक्स रेसिडन्सी’च्या रकान्यात मात्र देश यू.के. असेल तर यू.के.च लिहायचं, आणि शेजारी नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे पगार-कराच्या नोंदीसाठी इथं मिळतो तो.

‘सेटल्ड’ या शब्दानं तर गावाकडं जास्तच घोटाळा केलाय. आपल्याकडं नोकरी लागली, फ्लॅट बुक झाला, की पोरगं सेटल. त्याच हिशेबानं स्थळाच्या बायोडेटावर ‘यू.के. सेटल्ड’ छापून मोकळे. परवा असाच एक बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मुलगा ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे इथलं शिक्षण झाल्यावर काही काळ राहायला मिळतो त्यावर, जो एकदा संपला की वाढवून मिळत नाही. इथल्या कायद्यात सेटल्ड म्हणजे ज्याच्या राहण्याला मुदतीचं बंधनच उरलेलं नाही असा, आपल्यासारख्यांच्या बाबतीत आयएलआर (‘इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन’, बेमुदत राहायची परवानगी) मिळालेला. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरीला आलेल्यांना आजवर तो ५ वर्षांनी मागता येत आलाय. मुदत वाढवायचे प्रस्ताव सरकारनं मांडलेत, म्हणून अर्जाआधी सरकारी संकेतस्थळच वाचा, मावसभावाचा अनुभव नको. आयएलआरला ‘परमनंट’ म्हणायची पद्धत आहे, पण सलग २ वर्षांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर तोही जातो. मुलीकडच्यांनी ‘सेटल्ड म्हणजे नेमकं काय?’ हे विचारण्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये. आईवडिलांनाही हे समजावून ठेवा.

हाच शब्द मुलांच्या फीला आडवा येतो. युनिव्हर्सिटीची ‘होम’ फी लागायला साधारणपणे मूल कोर्स सुरू होताना सेटल्ड हवं आणि त्याआधी ३ वर्षं इथं ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’, म्हणजे नेहमीचं राहणं इथंच असलेलं, हवं. दवाखान्याच्या बाबतीत तुम्ही व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६. तेव्हा जीपीकडं, म्हणजे भागातल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवायला बिचकू नका. हेल्थ अँड केअर व्हिसावर आलेल्या नर्सना हा भरावाच लागत नाही.

मतदानाचं बहुतेकांना ठाऊक नसतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळं रीतसर व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक इथं संसदेच्या निवडणुकीतसुद्धा मत देऊ शकतो. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कागद आला तर नाव नोंदवा. उलट सांगलीत वडिलोपार्जित घर आहे म्हणून तिथल्या साध्या यादीत नाव ठेवता येईल असं धरून चालू नका. नुसतं घर असल्यानं माणूस त्या मतदारसंघाचा सामान्य रहिवासी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. परदेशी राहणाऱ्या नागरिकांसाठी ६-ए हा वेगळा फॉर्म आहे. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन बूथवर स्वतः हजर राहावं लागतं.

शेवटचं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्यांसाठी. एनआरआय झालात की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. पुढं ब्रिटिश पासपोर्ट घेऊन ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड काढलंत तरी नाही. ओसीआयच्या नावात ‘सिटिझन’ असलं तरी ते नागरिकत्व नव्हे, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. वारसानं मिळालेली जमीन मात्र ठेवता येते. इथंच बरीच घरं फसतात. ‘माझ्या हयातीतच बाग पोराच्या नावावर करतो’ म्हणून वडील बक्षीसपत्र करायला निघतात, आणि शेतजमिनीचं बक्षीसपत्र एनआरआय मुलाला घेता येत नाही. मृत्युपत्र आणि नंतर सातबाऱ्यावर वारसनोंद, ही वाट मोकळी आहे. वडिलांनी स्टँपपेपर आणायच्या आधी त्यांना फोन करून हे सांगा.