मौन उपासनेत कॉल अडकलाय का, हे ओळखण्याची युक्ती

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. त्यांच्या मौन उपासनेत पाद्री नसतो. सगळे शांत बसतात, आतून प्रेरणा झाली तरच कुणी बोलतं. ऑनलाइन बसलं की आपल्या बीड-लातूरकडच्या रेंजमध्ये कळतच नाही, माणसं गप्प आहेत की कॉल अडकलाय.

१. एकाने जास्तीचा मोबाईल सेकंदकाट्याच्या घड्याळासमोर उभा करावा, माईक बंद. टिकटिक फार ऐकू येते.
२. बाकीच्यांनी तेवढी चौकट पिन करावी, म्हणजे स्क्रीनवर तीच मोठी दिसत राहते. काटा थांबला की बाहेर पडून परत जोडायचं. ‘ऐकू येतंय का’ असं मध्येच विचारायचं नाही, त्या शांततेचं मोल मोठं आहे.
३. लाईट गेली की वायफायही जातं. मोबाईल डेटा तयार ठेवा.

झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद पडते. तासभर बसायचं असेल तर दुसरी लिंक आधीच पाठवा.