गावाचा लेख विकिपीडियावर टिकत नाही? या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांवरचे मराठी विकिपीडियातले लेख वाढवण्यासाठी गावातलेच शिक्षक आणि विद्यार्थी पुढे येतात, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र त्यांनी कष्टाने लिहिलेला मजकूर पुष्कळदा काढून टाकला जातो आणि त्यामागे बहुधा एकच कारण असते: विधानाला संदर्भाचा आधार नसतो.

‘आमचे गाव निसर्गरम्य असून येथील लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत’ हे वाक्य घ्या. त्यात ‘आमचे’ आले, कौतुक आले, पण पडताळता येईल असे काहीच आले नाही. त्याऐवजी तालुका, जिल्हा, २०११च्या जनगणनेतील लोकसंख्या, मुख्य पिके आणि जवळची नदी लिहावी व प्रत्येक माहितीपुढे ती कुठून घेतली हे नोंदवावे. गावच्या यात्रेची आख्यायिका आजोबांनी सांगितली म्हणून थेट लेखात घालता येत नाही. ती एखाद्या विश्वसनीय ग्रंथात किंवा वृत्तपत्रात छापून आलेली असावी लागते. मौखिक परंपरा जपणाऱ्या आपल्या भागाला हा नियम जाचक वाटतो आणि ती खंत रास्तही आहे, परंतु त्याविना खरे-खोटे निवडणे अशक्य होईल.

संदर्भ मिळाला तरी त्याचे साल पाहावे. वाशीम जिल्हा १९९८मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९मध्ये भंडाऱ्यातून आणि गडचिरोली १९८२मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यामुळे जुने गॅझेटिअर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) जसेच्या तसे उतरवले, तर आता वाशीम जिल्ह्यात असलेले मंगरूळपीर आजही अकोला जिल्ह्यात असल्याचे लिहिले जाते.

स्मरणिकेतले किंवा संकेतस्थळावरचे परिच्छेद उचलू नयेत. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. माहिती घ्यावी, शब्द स्वतःचे असावेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या छायाचित्रालाही हेच लागू होते. मंदिराचे वा बंधाऱ्याचे छायाचित्र स्वतः काढून ते विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या छायाचित्रसंग्रहावर मुक्त परवान्याखाली (म्हणजे इतरांना वापरण्याची मुभा देऊन) चढवावे.

एकाच नावाची गावे अनेक असतात, म्हणून नवा लेख सुरू करण्याआधी शोध घ्यावा आणि गरज असल्यास शीर्षकात कंसात तालुका द्यावा.

संपादन उलटवले गेल्यास तोच मजकूर पुन्हा चिकटवू नये. लेखाच्या ‘इतिहास पहा’ या दुव्यावर कोणी, केव्हा, काय बदलले हे दिसते आणि पुष्कळदा कारणही लिहिलेले असते. ते वाचून चर्चापानावर नम्रपणे विचारणा करावी व संदर्भ पुढे ठेवावा. वीज किंवा नेटवर्क मध्येच गेल्याने लिखाण हरवत असेल, तर मजकूर आधी मोबाइलच्या टिपणवहीत तयार करावा, सदस्य धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या आपल्या सरावाच्या पानावर) तपासावा आणि मग एकेक विभाग जतन करत जावे.