झिरकॉन आणि अल्युमिनापासून चिवट सिरॅमिक: आधी घट्ट करा, मग क्रिया होऊ द्या

चिवट सिरॅमिकसाठी म्युलाइट (अल्युमिना आणि सिलिकाचं संयुग) आणि झिरकोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) या दोन महागड्या पावडरी आणून मिसळायची गरज नाही. झिरकॉन (झिर्कोनियम सिलिकेट हे खनिज) आणि अल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) यांची दाबलेली वडी पुरेशी तापवली, की दोन्ही वडीच्या आतच तयार होतात: झिरकॉनचे 2 रेणू आणि अल्युमिनाचे 3 यांतून झिरकोनियाचे 2 आणि म्युलाइटचा 1. एकटं म्युलाइट उष्णता छान सोसतं, पण ठिसूळ असतं. त्यात विखुरलेले झिरकोनियाचे बारीक कण तडा जवळ आला की स्फटिकरूप बदलतात, 4-5 टक्के फुगतात आणि तडा आवळून धरतात. चिवटपणा येतो तो इथून.

खरी मेख अशी, की या क्रियेत घन पदार्थाचं आकारमान 12 ते 14 टक्क्यांनी वाढतं. वडी घट्ट होण्याआधीच क्रिया सुरू झाली तर छिद्रं उघडीच राहतात आणि हाती खडूसारखा तुकडा येतो. खालची प्रत्येक पायरी हे टाळण्यासाठी आहे.

1 किलो मिश्रणासाठी झिरकॉन 545 ग्रॅम आणि अल्युमिना 455 ग्रॅम घ्या. आपल्याकडे झिरकॉन केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून येतं. वाळू नको, बारीक दळलेलं झिरकॉन फ्लोअर मागा. त्यात युरेनियम-थोरियमचा अंश असतो, म्हणून कोरडी पावडर हाताळताना चांगला धूळ-मास्क लावाच. अल्युमिना 'रिअॅक्टिव्ह' प्रतीचं, एक मायक्रॉनच्या आसपासचं हवं.

बॉल मिलच्या (फिरत्या दळणयंत्राच्या) 3 लिटरच्या अल्युमिना जारमध्ये निम्म्यापर्यंत अल्युमिनाचे गोळे, दोन्ही पावडरी, 500 मिली डिस्टिल्ड पाणी आणि कण सुटे ठेवणारं 5 ग्रॅम अमोनियम पॉलिअॅक्रिलेट घालून 24 तास दळा. लोखंडी गोळे वापरले तर लोह मिसळतं आणि वडीवर तपकिरी डाग येतात. चकमकीच्या गोळ्यांतून सिलिका मिसळते आणि भट्टीत काच तयार होते. अल्युमिनाचे गोळेही झिजतातच. ते कोरडे करून दळण्याआधी आणि नंतर वजन करा. 20 ग्रॅम घट आली तर पुढच्या घाण्यात अल्युमिना 20 ग्रॅम कमी घ्या. हे वजन बहुतेक जण टाळतात आणि मग अल्युमिना शिल्लक का राहतं याचा शोध घेत बसतात.

शेवटच्या अर्ध्या तासात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं (हा बाइंडर, म्हणजे कण बांधून ठेवणारा पदार्थ) 5 टक्के द्रावण 300 मिली घाला. आधी घातलं तर फेस होतो. मिश्रण ढवळत ढवळत सुकवा. ताटात पसरून ठेवलं तर जड झिरकॉन खाली बसतं. ओलसर असतानाच 60 मेशच्या चाळणीतून दाबून दाणे पाडा. बडोद्याच्या पावसाळ्यात हे दाणे तासाभरात चिकट होतात, तेव्हा लगेच हवाबंद डब्यात भरा.

25 मिमी व्यासाच्या डायला (दाबायच्या साच्याला) 5 टन दाब पुरतो, म्हणजे सुमारे 100 मेगापास्कल. डायच्या भिंतीला झिंक स्टिअरेट अगदी पुसटसं लावा आणि दाब सावकाश सोडा. टोपीसारखा थर सुटून येत असेल तर आत हवा अडकली आहे किंवा दाब जास्त झाला आहे. डाय बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एखाद्या टूलरूममध्ये करून घेणार असाल तर आकुंचन आधीच धरा: साधारण 13 टक्के. तयार वडी 50 मिमीची हवी असेल तर डाय साडेसत्तावन्नचा लागेल.

भाजणी दोन भट्ट्यांत करा. बाइंडर साध्या तारेच्या भट्टीत जाळा: मिनिटाला 1 अंशाने 600 अंश सेल्सिअसपर्यंत, मग तासभर तिथेच. घाई केली तर आत काळा गाभा राहतो आणि पुढे भेग पडते. मोठ्या भट्टीतले मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट 400 ते 600 अंशांत फार वेळ राहिले तर भुगा होऊन झडू शकतात. भट्टी वेगळी ठेवण्याचं कारण हे. बाइंडर गेलेली वडी हाताच्या नुसत्या दाबानेही मोडते, म्हणून खालच्या अल्युमिनाच्या पाटीसकट उचला.

मोठ्या भट्टीत वडीखाली जाड अल्युमिना दाण्यांचा थर द्या. मातीच्या फरशीवर ठेवली तर ती चिकटते. मिनिटाला 5 अंशाने 1450 पर्यंत जा आणि 3 तास थांबा: इथे वडी घट्ट होते. मग मिनिटाला 3 अंशाने 1575, तिथे 4 तास: इथे क्रिया पूर्ण होते. थंड करताना 1150 पासून 800 अंशांपर्यंत मिनिटाला 2 अंशच उतरा, कारण झिरकोनियाचे मोठे कण याच टप्प्यात रूप बदलतात आणि जाड वडी तडकू शकते. मॅग्नेशिया किंवा टायटॅनिया घालून तापमान खाली आणता येतं, पण मग क्रिया लवकर सुरू होते आणि काचही वाढते. पहिल्या घाण्यात ते नको.

वडी 2 तास पाण्यात उकळून आर्किमिडीज पद्धतीने घनता काढा. पूर्ण घट्ट वडीची घनता सुमारे 3.8 ग्रॅम प्रति घन सेंमी येते, 3.6 च्या वर आली तर काम जमलं. 3.3 च्या खाली असेल तर दळण जाड राहिलंय किंवा 1450 चा थांबा कमी पडलाय. फक्त घनतेवर मात्र विसंबू नका. झिरकॉन आणि अल्युमिना मुळातच जड असल्यामुळे क्रिया अर्धवट राहिलेली वडीही चांगली घनता दाखवते. क्ष-किरण विवर्तनाची चाचणी करून घ्या, तिच्या आलेखातल्या शिखरांवरून वडीत कोणते स्फटिक आहेत ते कळतं. तांब्याच्या किरणांवर 27 अंशांजवळचं झिरकॉनचं शिखर दिसलं तर क्रिया बाकी आहे. वडी पुन्हा 1575 ला 3 तास ठेवा. 30.2 अंशांचं शिखर चतुष्कोनी झिरकोनियाचं, आपल्याला हवं ते. ते अगदी लहान आणि 28.2 चं (रूप आधीच बदललेल्या झिरकोनियाचं) मोठं असेल तर कण मायक्रॉनच्या पुढे वाढलेत. त्या वडीला परत भट्टी दाखवू नका, पुढच्या घाण्यात वरचा थांबा तासाने कमी करा.