शेडमध्ये वास सुटला म्हणजे तेल गेलं

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर माझ्या वर्गातली बहुतेक मुलं-मुली कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत कामाला लागली. मी जत तालुक्यात गवती चहाचं तेल काढणाऱ्या एका छोट्या डिस्टिलेशन युनिटवर गेले. घरच्यांना पटलं नव्हतं. पण पाणी बेताचं, जनावरं तोंड लावत नाहीत, एकदा लावलं की चार-पाच वर्षं कापत राहायचं असं गवती चहाचं पीक आमच्या दुष्काळी पट्ट्यात उभं राहतं, आणि त्याच्या पात्यातलं तेल साबणापासून अरोमाथेरपीपर्यंत (सुगंधी तेलांनी मालिश वगैरे करून आराम देण्याची पद्धत) चालतं, हे मला फार मोलाचं वाटलं. अजूनही वाटतं.

या कामात येऊ पाहणाऱ्यांनी आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गवती चहाच्या तेलात मुख्य असतं सिट्राल, लिंबासारखा वास देणारं रसायन. ते एकटं उकळायचं तर 229 अंशांच्या आसपास तापवावं लागेल, आणि तेवढ्या तापात वासाची वाट लागेल. पण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. दोघं आपापला बाष्पदाब, म्हणजे वाफेचा दाब, टाकतात, त्यांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की दोघं मिळून 100 अंशांच्या आतच उडतात. वाफेच्या ऊर्ध्वपातनाचं सगळं मर्म एवढंच. कॉलेजात हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण कळलं ते गवत भरून वाफ सोडतात त्या टाकीपाशी.

बॉयलर सांभाळणारे अण्णा सातवी शिकलेले. पहिल्या महिन्यात त्यांनी टाकी भरायचं काम माझ्याकडे दिलं. गवत आदल्या दिवशी कापून सावलीत सुकवलेलं होतं. मी घाईघाईनं भरलं, एका बाजूला दाबलं, दुसरीकडे सैल राहिलं. तेल निम्म्याहून कमी आलं. टाकी उघडल्यावर अण्णांनी आत हात घालून एक जुडी बाहेर काढली. "हे बघ पोरी, हितलं अजून हिरवंच हाय. वाफंला सोपी वाट गावली, ती तिकडनं गेली." बाकीचं गवत शिजून तपकिरी झालं होतं. तेव्हापासून प्रत्येक थर मी स्वतः पायानं दाबते.

शेडमध्ये लिंबासारखा वास दरवळला की मला सुरुवातीला आनंद व्हायचा. अण्णा मात्र लगेच कंडेन्सरकडे, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी-तेल करणाऱ्या भागाकडे, धावायचे. वास बाहेर सुटला म्हणजे थंड करणारं पाणी गरम झालंय किंवा वाफ जास्त सोडलीय, आणि तेल हवेत चाललंय. चांगल्या पाळीत शेडला वास कमी असतो. कंडेन्सरच्या तोंडातून कोमट, गढूळसर पाणी तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये पडतं आणि काचेत वर पिवळी रेघ हळूहळू जाड होत जाते. टनभर ओल्या गवताला साधारण 3 ते 5 किलो तेल. खाली उरणारं सुगंधी पाणीही फेकायचं नसतं. आणि हो, तेल नेहमी वरच तरंगेल असं धरून चालू नका, लवंगेचं तेल तळाशी बसतं.

सगळ्या वनस्पतींना वाफ मानवत नाही. मोगऱ्याचा नाजूक वास उष्णतेनं बिघडतो, म्हणून फुलं हेक्झेनसारख्या द्रावकात बुडवतात. त्यातून मेणासारखं काँक्रीट मिळतं, ते अल्कोहोलनं धुऊन मेण काढलं की उरतो तो सुगंधी अर्क म्हणजे ॲब्सोल्यूट. द्रावकाचा अंश राहू शकतो म्हणून अरोमाथेरपीवाले काही जण ते टाळतात. संत्र्याची साल नुसती दाबली तरी तेल सुटतं. वाळ्याच्या मुळांना मात्र तासन् तास वाफ द्यावी लागते. आमच्या भागात हळद काढताना पाला बांधावर टाकून देतात, त्यातूनही वाफेनं तेल निघतं. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेजवळ या पाल्याकडे अधिक लक्ष जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

शिकायचं कुठे, हे मला सारखं विचारतात. लखनौची सीमॅप ही औषधी व सुगंधी वनस्पतींची संशोधन संस्था आणि कनौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र, दोन्हीकडे प्रशिक्षण मिळतं. कनौजला अजूनही तांब्याच्या देगांत अत्तर काढतात, ते एकदा बघाच. गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलात कोणता घटक किती हे यंत्रावर तपासणं, शिकून घ्या. बाजारात कृत्रिम सिट्राल मिसळलेलं तेल येतं आणि नाकाला ते नेहमीच कळतं असं नाही.

अरोमाथेरपी हा शब्द गॅटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1937 मध्ये रूढ केला. मालिश आणि सुगंधानं बरं वाटतं, हे मी मानते. पण तेलानं आजार बरा होतो असं गिऱ्हाईकाला सांगू नका. निव्वळ तेल कातडीवर लावू नये, खोबरेल किंवा तिळाच्या 100 थेंबांत एक-दोन थेंब पुरतात. पोटात तर घेऊच नये. सिट्रालनं माझ्याच मनगटावर पुरळ आलं होतं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय मी सेपरेटर उघडत नाही.

पहिल्यांदा युनिटवर जाताना सुती कपडे आणि बंद बूट घाला, आणि अंगाला परफ्यूम लावू नका. दिवसभर नाक मोकळं लागतं.