तिशीनंतर जनावरांचा डॉक्टर व्हायचंय? हिशोब शेवटाकडून सुरू करा

भाऊ, ताई, पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, वय चालेल का? नीटला, म्हणजे या डिग्रीच्या प्रवेश परीक्षेला, चालतं. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्येच काढून टाकली, त्यामुळे ३२ वर्षांचा औषध कंपनीचा एमआर असो नाहीतर ४० वर्षांच्या शाळेतल्या मॅडम, फॉर्म भरता येतो. वय आडवं येतं ते जास्त करून पुढे, डिग्री हातात आल्यावर.

बीव्हीएससी अँड एएच हा जनावरांच्या डॉक्टरकीचा कोर्स साडेपाच वर्षांचा, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. आधी नीटच्या तयारीला निदान एक वर्ष, झाले साडेसहा. आता पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी जनावरांचा डॉक्टर, ही गट अ ची पोस्ट एमपीएससीतून भरतात, तिथं खुल्या गटाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी मर्यादा असते, म्हणजे खुल्या गटातल्या माणसाने ३२ व्या वर्षी पुस्तक उघडलं तर डिग्री मिळेस्तोवर ते दार बंद. मग खाजगी प्रॅक्टिस, नाहीतर दूध संघ, पोल्ट्री, औषध कंपनी. नवापूरकडे पोल्ट्रीचा केवढा पसारा आहे ते २००६ च्या बर्ड फ्लूने सगळ्या देशाला कळलं, लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची २०२२ च्या साथीतली राज्यातली पहिली केस आपल्याच रावेर तालुक्यात चिनावलला सापडली, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे किती उतरतात ते काय सांगायचं. काम आहे हो खान्देशात, पण पगारी नोकरीच धरून बसला असाल तर आज घरी बायकोसमोर (किंवा नवऱ्यासमोर) बसून हा हिशोब मांडा, राजीनाम्याचं नंतर.

हिशोब जमला तर बारावीचं मार्कशीट काढा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला ५० टक्के. गणित घेऊन इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी इथंच थांबायचं, बायोलॉजी नसेल तर त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचायचं, आणि वयाची अट पण तिथंच बघायची, कारण नीट वेगळी आणि काउन्सेलिंग, म्हणजे सीट वाटप, वेगळं. काउन्सेलिंग दोन ठिकाणी होतं: १५ टक्के जागा देशपातळीवर व्हेटर्नरी कौन्सिल ऑफ इंडिया भरते, बाकीच्या राज्यातल्या जागा नागपूरचं माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. दोन्हीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, नीटचा स्कोअर आपोआप कुठंच जात नाही.

नीट ७२० मार्कांची, त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ वजा. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने सकाळचा ताजा वेळ फिजिक्सला द्यावा असं माझं मत, कारण बायोलॉजी थकल्यावर पण वाचता येते, गणितं थकल्यावर सुटत नाहीत. पेपर मराठीतून देता येतो पण पुढचा सगळा कोर्स इंग्रजीत आहे, म्हणून वाचन पहिल्यापासून इंग्रजीतूनच ठेवलेलं बरं.

आणि क्लासची फी भरण्याआधी काही महिने आपल्या जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जात जा. डॉक्टरसाहेबांना आधी विचारा, अंगात जुने कपडे, पायात गमबूट, आणि मधे मधे करायचं नाही. खांद्यापर्यंत हात घालून गाभण तपासणी कशी करतात, रात्री अडलेली म्हैस कशी सोडवतात, आंग (गर्भाशय) बाहेर आलेली गाय, लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणाला पन्नास दावी सोडणं बांधणं, मेच्या उन्हात पत्र्याच्या गोठ्यात उभं राहणं, हे बघा. ज्याला फक्त कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक डोळ्यासमोर आहे त्याने तर नक्कीच बघा, कारण कॉलेजात गाय म्हैस शेळी कोंबडी सगळं शिकावंच लागतं. एक महत्त्वाचं, पडलेली वार (जार) किंवा गाभडलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेलोसिस माणसाला पण होतो. कंबर धरलेली असेल, गुडघे बोलत असतील तर तेही इथंच समजेल.

कागदपत्रांत मोठ्या वयाच्या माणसाला नडतो तो गॅप. मधल्या वर्षांत काय केलं त्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, जुनी डिग्री दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, शिवाय शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तसं नॉन-क्रिमीलेयर. जात पडताळणी तर आजच टाका, धुळे नंदुरबारकडच्या आदिवासी पोरांनी विशेष, निकाल लागल्यावर धावपळ केली तर फार तारांबळ होते.

कोणी म्हणेल पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून टाक ना भो, लवकर होतो. होतो, पण त्याने तुम्ही डॉक्टर होत नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणे प्रॅक्टिस नोंदणी असलेल्या पदवीधराचीच, डिप्लोमावाल्याला ठराविक किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली. बाहेरच्या राज्यात पैसे भरून सीट देतो म्हणणारा भेटला तर त्या कॉलेजची डिग्री कौन्सिलच्या यादीत आहे का ते आधी बघा.

कॉलेजांचा क्रम लावताना घर विसरू नका. मुंबईचं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही जुनी पाच, त्यातलं एकही खान्देशात नाही. लेकरं गावाकडे असतील तर मी नागपूर किंवा परळ वर टाकेन, जळगाव भुसावळहून एका गाडीत पोहोचता येतं, उदगीरला शनिवार रविवारची सुट्टी प्रवासातच जाते. हजेरी सक्तीची असते, कोर्स पूर्णवेळ आहे, जोडीला नोकरी जमणार नाही, आणि राजीनामा मात्र सीट अलॉट झाल्याचं पत्र हातात आल्यावरच द्यायचा. होस्टेलला १८ वर्षांची पोरं काका म्हणतील, म्हणू द्या, त्यांच्याकडूनच फिजिओलॉजीच्या नोट्स मागायच्यात.