लाटून कापायच्या चॉकलेट कुकीज

साध्या कुकीजच्या कडा सोनेरी दिसू लागल्या की ट्रे बाहेर काढावा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. चॉकलेटच्या कुकीज मात्र ओव्हनमध्ये जातात तेव्हाच गडद तपकिरी असतात आणि बाहेर येतात तेव्हाही जवळजवळ तशाच दिसतात, त्यामुळे एरवी ज्या डोळ्यांवर आपण भिस्त ठेवतो ते इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. कोको करपला तरी रंगावरून ते चटकन ओळखू येत नाही. कळते ते पहिला घास तोंडात गेल्यावर, आणि तोवर अख्खा ट्रे वाया गेलेला असतो. म्हणून या कुकीज करताना वजन, जाडी, थंडावा आणि वेळ या चार गोष्टी मोजूनच सांभाळाव्या लागतात. त्यांतही थंडाव्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि आकार बिघडण्याचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

पाच मिलिमीटर जाडीच्या आणि सहा सेंटिमीटर व्यासाच्या सुमारे ४० कुकीजसाठी २०० ग्रॅम बिनमिठाचे बटर, १६० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडे, २६० ग्रॅम मैदा, ६५ ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा व्हॅनिला अर्क घ्यावा. अंडे नको असल्यास त्याच्या जागी साधारण ४० मिलिलिटर दूध चालते. कुकीज किंचित अधिक भुसभुशीत होतात, एवढाच फरक. या यादीत बेकिंग पावडर आणि सोडा दोन्ही नाहीत, आणि ते विसरून राहिलेले नाहीत. साच्याने कापलेला आकार भाजल्यावरही तसाच राहावा अशी अपेक्षा असेल, तर फुगवणारा कोणताही पदार्थ त्या अपेक्षेच्या आड येतो. शक्य असेल तर सर्व जिन्नस वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजावेत, कारण दाबून भरलेल्या आणि चाळून भरलेल्या कोकोच्या वाटीत बराच फरक पडतो आणि कोको जास्त झाला की मिश्रण कोरडे पडून लाटताना तडकते.

कोकोबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बाजारात त्याचे दोन मुख्य प्रकार मिळतात. नैसर्गिक कोको किंचित आम्ल असतो, त्याचा रंग फिकट तांबूस आणि चव काहीशी तीक्ष्ण असते. दुसरा प्रकार ‘डच प्रोसेस्ड’ म्हणून ओळखला जातो. नेदरलँड्समध्ये एकोणिसाव्या शतकात कूनराड व्हान हाउटेन यांनी कोकोवर अल्कली क्षारांची प्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली, त्यावरून हे नाव पडले. या प्रक्रियेने आम्लता कमी होते, रंग गडद होतो आणि चव सौम्य व गोलाईदार लागते. ज्या पाककृतीत सोडा असतो तिथे कोकोची निवड जपून करावी लागते, कारण सोड्याला काम करण्यासाठी आम्ल हवे असते. आपल्या पाककृतीत सोडाच नसल्याने दोन्ही प्रकार चालतात. माझा कल गडद कोकोकडे आहे, कारण पातळ कुकीला चॉकलेटची चव देण्याचा सगळा भार एकट्या कोकोवर असतो. पिण्यासाठी मिळणारी गोड चॉकलेट पावडर मात्र इथे कामाची नाही. तिच्यात साखरेचे प्रमाण मोठे असल्याने कुकीज पसरतात आणि चवही फिकी पडते. अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी मिश्रणात घातली तर कॉफीची चव वेगळी जाणवत नाही, पण चॉकलेटची खोली वाढते.

बटर फ्रिजमधून काढून मऊ होऊ द्यावे, परंतु वितळू देऊ नये. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा आणि बोटाला तेलकट ओल लागू नये, हा त्याचा योग्य टप्पा. बटर आणि पिठीसाखर एकजीव होईपर्यंतच फेटावे. केकसाठी आपण हेच मिश्रण पांढरे व हलके होईपर्यंत फेटतो, कारण तिथे हवा हवी असते. इथे तीच हवा ओव्हनमध्ये प्रसरण पावते, कुकी फुगते, मग बसते आणि कडा वेड्यावाकड्या होतात. त्यानंतर अंडे आणि व्हॅनिला घालून मिसळावे. मैदा, कोको आणि मीठ एकत्र चाळून घ्यावे, आणि चाळण्याचा कंटाळा करू नये, कारण कोकोच्या गुठळ्या नंतर फुटत नाहीत व भाजलेल्या कुकीत कडवट ठिपक्यांच्या रूपाने लागतात. कोरडे जिन्नस दोन हप्त्यांत घालून पिठाचा पांढरा माग दिसेनासा होईपर्यंतच कालवावे. मैदा जितका जास्त मळला जाईल तितके त्यातील ग्लुटेन बळावते, आणि कुकी खुसखुशीत होण्याऐवजी चिवट होते. तयार गोळा मऊ पण हाताला न चिकटणारा असावा. कच्च्या मैद्यात आणि कच्च्या अंड्यात अपायकारक जिवाणू असू शकतात, म्हणून तो चाखून पाहण्याचा मोह टाळावा.

आता लाटण्याकडे वळू. बहुतेक पाककृती गोळा आधी फ्रिजमध्ये ठेवून मग लाटायला सांगतात. तसे केल्यावर दगडासारखा घट्ट गोळा लाटण्यासाठी जोर लावावा लागतो, कडा फाटतात, आणि तो लाटण्याजोगा मऊ होईपर्यंत वाट पाहिली तर थंड केल्याचा उपयोगच राहत नाही. त्याऐवजी क्रम उलटा करावा: मिश्रण ताजे आणि मऊ असतानाच लाटावे आणि लाटलेला थर थंड करावा. गोळ्याचे दोन भाग करून प्रत्येक भाग बेकिंग पेपरच्या दोन तावांमध्ये ठेवावा, हाताने थोडा चपटा करावा आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने लाटावा. अधूनमधून वरचा कागद सोडवून पुन्हा पसरावा व थर उलटून दुसऱ्या बाजूचाही सोडवावा, नाहीतर कागदाच्या सुरकुत्या कुकीवर उमटतात. जाडी सर्वत्र सारखी येण्यासाठी थराच्या दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून लाटणे त्यांवरून फिरवावे. ही युक्ती मला बऱ्याच उशिरा सुचली; तोवर माझ्या प्रत्येक ट्रेमध्ये कडेच्या कुकीज करपायच्या आणि मधल्या कच्च्या राहायच्या, आणि मी दोष ओव्हनला देत होतो.

कागदामुळे ओट्यावर मैदा भुरभुरण्याची गरज राहत नाही, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. वरून पडलेला मैदा मिश्रण कोरडे करतो आणि भाजल्यावर गडद कुकीवर पांढुरके डाग ठेवून जातो. कधी चिकटलेच तर मैद्याऐवजी चिमूटभर कोको वापरावा.

लाटलेले थर कागदासकट सपाट ट्रेवर ठेवून फ्रिजमध्ये किमान एक तास ठेवावेत. या वेळात बटर पुन्हा घट्ट होते आणि मैदा व कोको ओलावा शोषून घेतात, त्यामुळे साचा स्वच्छ कापतो. साचा कोकोत बुडवून सरळ खाली दाबावा आणि न पिळता सरळ वर उचलावा. कापलेल्या आकारांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवून ते बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेवर मांडावेत आणि ट्रे पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा. ही पंधरा मिनिटे वाचवावीशी वाटतात, पण बटर वितळण्याआधी कुकीचा बाहेरचा भाग धरून यायला हवा असेल तर ती वाचवू नयेत. उरलेले तुकडे न मळता एकमेकांना चिकटवून ठेवावेत आणि तसेच पुन्हा लाटावेत. दुसऱ्यांदा लाटलेल्या कुकीज पहिल्यांइतक्याच चांगल्या होतात. तिसऱ्यांदा मात्र त्या जाणवण्याइतक्या कडक होतात, म्हणून शेवटच्या तुकड्यांना आकार देण्याचा हट्ट न धरता ते तसेच भाजून घ्यावेत.

ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर, पंखा सुरू राहत असेल तर १५० ते १५५ अंशांवर, किमान पंधरा मिनिटे आधी तापवावा. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत तफावत असणे सामान्य आहे. आत ठेवायचा छोटा तापमापक त्यावर उत्तम उपाय आहे. तो नसेल, तर आधी फक्त दोन कुकीज भाजून पाहाव्यात आणि त्यांना किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. वर दिलेल्या आकाराच्या कुकीजना मधल्या कप्प्यात दहा ते बारा मिनिटे पुरतात, लहान आकारांना आठ-नऊ. लहान आणि मोठे आकार एकाच ट्रेवर मांडू नयेत.

रंग साथ देत नसल्याने कुकी झाल्याची खूण तीन गोष्टींवरून ओळखावी. कच्च्या कुकीच्या पृष्ठभागावर बटरची ओलसर चमक असते, ती जाऊन पृष्ठभाग निस्तेज दिसायला हवा. कडेला बोटाने अगदी हलके दाबल्यास ती घट्ट लागावी आणि मधला भाग किंचित मऊ असावा. तिसरी खूण वासाची: चॉकलेटचा सुवास भरून आला की कुकी होत आली असे समजावे, आणि त्यात जळका, कडवट छटा मिसळली तर उशीर झालेला असतो. गरम कुकी नेहमीच मऊ असते, कारण तिच्यातील बटर त्या क्षणी द्रव असते. ‘अजून कच्ची आहे’ असे समजून तिला आणखी पाच मिनिटे आत ठेवणे ही या प्रकारातील सर्वांत नेहमीची चूक आहे. ट्रे बाहेर काढून कुकीज त्यावरच पाच मिनिटे राहू द्याव्यात, आणि त्या उचलता येण्याइतक्या घट्ट झाल्यावर जाळीवर ठेवाव्यात. पुढचा हप्ता गरम ट्रेवर कधीही मांडू नये. ओव्हनमध्ये जाण्याआधीच बटर वितळू लागते आणि कुकीज पसरतात.

आयसिंग करायचे असल्यास कुकीज पूर्ण थंड होऊ द्याव्यात, आणि डब्यात भरण्यासाठीही तोच नियम आहे, कारण उरलेल्या उष्णतेची वाफ झाकणाखाली अडकली की कुकीज मऊ पडतात. हवाबंद डब्यात त्या आठ-दहा दिवस चांगल्या राहतात. सगळ्या एकदम भाजायच्या नसतील, तर कागदात लाटलेले थर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात. असा थर बाहेर काढल्यावर लगेच साचा दाबू नये, कारण गोठलेला थर काचेसारखा तडकतो. पाच-सात मिनिटांनी कोपरा किंचित वाकवून पाहावा आणि तो न मोडता वाकला की कापायला घ्यावे.